दुखण्याचा निरोप आणि पेनकिलरची गोळी



आपल्या बहुतेक घरांत फळीवरच्या एखाद्या डब्यात गोळ्यांची पिशवी असते. त्यात अर्धवट फाडलेली पाकिटे असतात. कंबर दुखली की त्यातली एक घ्यायची, अंग मोडून आले की दुसरी. गोळीचे नाव सहसा कुणाला ठाऊक नसते. "ती गुलाबी", "ती लांबट पिवळी" अशी तिची ओळख असते. मेडिकलवाल्यालाही आपण तसेच सांगतो आणि तोही देऊन मोकळा होतो.

समजा, आपल्याच वस्तीतल्या एक मावशी आहेत. चार घरची धुणीभांडी करतात. गुडघे दुखतात, पण काम सोडले तर पगार जातो. म्हणून रोज सकाळी चहाबरोबर एक गोळी घेतात. दिवस निभतो. असे सहा महिने जातात. मग एके दिवशी संडास डांबरासारखी काळी होते, चक्कर येऊन त्या पडतात. दवाखान्यात कळते की जठरात जखम होऊन आतल्या आत रक्त जात होते. मावशी विचारतात, "गोळी तर गुडघ्याची होती. मग पोटाला काय झालं?"

हा प्रश्न फार चांगला आहे. त्याचे उत्तर नीट समजले तर पेनकिलर केव्हा घ्यावी, केव्हा घेऊ नये, हे आपले आपल्याला कळू लागेल. म्हणून आज थोडे शरीरशास्त्र शिकू या.

तेलातून तयार होणारा निरोप

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ आवरण असते आणि ते मुख्यतः स्निग्ध पदार्थाचे असते. आपण खातो त्या तेलातुपातले मेदाम्ल, म्हणजे फॅटी ॲसिड, या आवरणात जाऊन बसते. त्यातले एक महत्त्वाचे मेदाम्ल म्हणजे ॲराकिडॉनिक ॲसिड. त्यात कार्बनचे 20 अणू साखळीसारखे जोडलेले असतात.

पेशीला इजा झाली, जंतू शिरले किंवा ताण पडला की हे मेदाम्ल आवरणातून सुटे होते. मग कॉक्स नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, त्याला पकडते आणि त्यापासून काही नवे पदार्थ बनतात. त्यांना प्रोस्टाग्लँडिन म्हणतात. हे पदार्थ म्हणजे शरीराचे निरोप होत.

शरीरात निरोप पोहोचवणारे दुसरेही पदार्थ आहेत. उदाहरणार्थ, मधुमेहाच्या संदर्भात आपण ऐकतो ते इन्सुलिन. ते स्वादुपिंडात तयार होते आणि रक्तातून सगळ्या शरीरात फिरते. ते टपालाने आलेल्या पत्रासारखे. प्रोस्टाग्लँडिनचे तसे नाही. शेजारणीला भिंतीवरून हाक मारावी तसे ते जिथल्या तिथे तयार होते, शेजारच्या पेशींना निरोप देते आणि काही सेकंदांत किंवा मिनिटांत संपून जाते. त्याचा साठा करून ठेवलेला नसतो. गरज पडली की ताजे बनते.

शोधाची गोष्ट

1930च्या दशकात स्वीडनचे संशोधक उल्फ फॉन ऑयलर यांना पुरुषाच्या वीर्यात एक पदार्थ आढळला. तो स्नायूंवर आणि रक्तदाबावर परिणाम करत होता. तो प्रोस्टेट ग्रंथीतून येत असावा असे वाटल्याने त्याला प्रोस्टाग्लँडिन हे नाव पडले. पुढे कळले की तो शरीरात जवळपास सगळीकडे बनतो. नाव मात्र तेच राहिले.

त्याच देशातल्या सुने बर्गस्ट्रॉम यांनी हे पदार्थ शुद्ध स्वरूपात वेगळे काढले. त्यांचे विद्यार्थी बेंग्ट सॅम्युएलसन यांनी ते मेदाम्लापासून कसे बनतात हे उलगडले. तिसरे नाव इंग्लंडच्या जॉन व्हेन यांचे. ॲस्पिरिन हे औषध 1899पासून बाजारात होते, जगभर लोक ते घेत होते, पण ते नेमके काय करते हे कुणाला माहीत नव्हते. 1971 साली व्हेन यांनी दाखवले की ॲस्पिरिन शरीरातले प्रोस्टाग्लँडिनचे उत्पादनच थांबवते. या तिघांना 1982 साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणजे सत्तर वर्षे जग जी गोळी घेत होते, तिचे काम आपल्याला गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांतच समजले आहे.

एक निरोप, अनेक कामे

आता मुख्य मुद्दा. प्रोस्टाग्लँडिन म्हणजे फक्त दुखण्याचा निरोप नव्हे. एकाच घराण्यातले हे पदार्थ जागा बदलली की कामही बदलतात.

मुरगळलेल्या पायात ते सूज आणतात आणि वेदनेच्या नसांना अधिक हळवे करतात. त्यामुळे आपण तो पाय टेकवत नाही आणि त्याला विश्रांती मिळते.

मेंदूत ते शरीराचे तापमान वाढवण्याची सूचना देतात. त्यालाच आपण ताप म्हणतो.

जठरात त्यांचे काम अगदी वेगळे आहे. अन्न पचवण्यासाठी जठरात तीव्र आम्ल असते. त्या आम्लाने जठराचीच भिंत भाजू नये म्हणून तिच्यावर बुळबुळीत थर असतो. तो थर टिकवण्याचे आणि भिंतीला रक्त पुरवण्याचे काम प्रोस्टाग्लँडिन करते.

किडनीत ते रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवते. विशेषतः शरीरातले पाणी कमी झाले असेल तेव्हा किडनीला पुरेसे रक्त मिळावे म्हणून त्याची धडपड असते.

आता मावशींच्या प्रश्नाचे उत्तर द्या पाहू. गोळी पोटात गेली, रक्तात मिसळली. तिला गुडघा कुठला आणि जठर कुठले हे कळत नाही. ती सगळीकडचे कॉक्स विकर अडवते. गुडघ्यातला दुखण्याचा निरोप थांबला, म्हणून बरे वाटले. पण त्याच वेळी जठरातला रक्षणाचा निरोपही थांबला. थर पातळ झाला, आम्लाने भिंत खाल्ली, जखम झाली, रक्त वाहू लागले.

यातून आणखी एक गैरसमज दूर होतो. "इंजेक्शन घेतले म्हणजे पोटाला त्रास नाही," असे पुष्कळ जण समजतात. हे खरे नाही. औषध सुईने गेले तरी रक्तातून जठरापर्यंत पोहोचतेच आणि तिथला निरोप थांबवतेच. जेवणानंतर गोळी घेतल्याने जळजळ कमी होते, पण पूर्ण संरक्षण मिळत नाही. म्हाताऱ्या माणसांत तर पोट न दुखताही जखम होऊ शकते. म्हणून संडास डांबरासारखी काळी व चिकट झाली, किंवा उलटीत रक्त अथवा कॉफीच्या चोथ्यासारखे काही पडले, तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठावा. लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळपट होते, पण ती चिकट नसते. शंका असेल तर दाखवून घेणेच बरे.

गिधाडे आणि किडनी

आपल्यातल्या वयस्कर मंडळींना गावाकडची गिधाडे आठवत असतील. 1990च्या दशकात ती झपाट्याने नाहीशी झाली. भारतातल्या काही जातींची संख्या 90 टक्क्यांहून अधिक घटली. कारण बरीच वर्षे सापडेना. 2004 साली संशोधकांनी ते सिद्ध केले. गुराढोरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक नावाचे औषध दिले जात होते. असे जनावर मेले की त्याच्या मांसातून ते औषध गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांच्या किडन्या निकामी होत. 2006 साली भारताने जनावरांसाठी डायक्लोफेनॅक वापरण्यावर बंदी घातली.

हेच डायक्लोफेनॅक माणसांच्या कंबरदुखीवर आजही दिले जाते. गिधाडाचे शरीर वेगळे, माणसाचे वेगळे. तेवढ्याशा मात्रेने माणसाला तसे होत नाही, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण किडनीला या औषधांचा धोका असतो हे मात्र खरे.

हा धोका आपल्या कष्टकरी माणसाला अधिक आहे. भर उन्हात बांधकामावर, वीटभट्टीवर किंवा सफाईच्या कामावर दिवस जातो. पाणी कमी पिले जाते, घाम भरपूर जातो. शरीरातले पाणी घटले की किडनी प्रोस्टाग्लँडिनच्या आधाराने तग धरते. नेमक्या त्याच वेळी अंग दुखते म्हणून आपण पेनकिलर घेतो आणि तो आधार काढून घेतो. जुलाब-उलट्या चालू असतानाही हाच धोका असतो. ज्यांना मधुमेह आहे, किडनीचा विकार आहे, किंवा जे रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पेनकिलरला हात लावू नये.

रक्त गोठणे, हृदय आणि डेंग्यू

रक्तात प्लेटलेट नावाचे बारीक कण असतात. जखम झाली की ते एकमेकांना चिकटून रक्त थांबवतात. "चिकटा" हा निरोप देणारा पदार्थ म्हणजे थ्रॉम्बॉक्सेन. तोही त्याच मेदाम्लापासून बनतो आणि जेमतेम अर्धा मिनिट टिकतो. उलट रक्तवाहिनीच्या अस्तरातून "चिकटू नका, वाट मोकळी ठेवा" असा निरोप देणारा प्रोस्टासायक्लिन हा पदार्थ निघतो. या दोघांचा तोल राहिला की रक्त वाहतेही आणि वेळेला थांबतेही.

ॲस्पिरिन प्लेटलेटमधले कॉक्स विकर कायमचे निकामी करते. प्लेटलेट नवे विकर बनवू शकत नाही. ती सात ते दहा दिवस जगते, तेवढे दिवस ती शांत राहते. म्हणून हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाला डॉक्टर रोज 75 मिलिग्रॅमसारखी लहान मात्रा देतात. ती गोळी मनाने सुरू करू नये आणि मनाने बंदही करू नये.

तोल बिघडला तर काय होते याचा एक धडा जगाने घेतला आहे. कॉक्स विकराचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रामुख्याने जठर आणि प्लेटलेट यांचे काम पाहतो, दुसरा सूज आणि वेदनेच्या वेळी वाढतो. फक्त दुसऱ्याला अडवणारे औषध काढले तर पोट वाचेल, या विचाराने रोफेकॉक्सिब नावाची गोळी 1999 साली बाजारात आली. पण तिने वाट मोकळी ठेवणारा निरोप थांबवला आणि चिकटवणारा तसाच ठेवला. हृदयविकाराचे झटके वाढल्याचे दिसून आल्यावर सप्टेंबर 2004मध्ये ती जगभरातून मागे घेण्यात आली. भारतातही तिच्यावर बंदी आली.

पावसाळ्यात आपल्यासाठी याहून जवळची गोष्ट म्हणजे डेंग्यू. डेंग्यूत प्लेटलेट आधीच कमी होतात. अशा वेळी ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतले तर उरलेल्या प्लेटलेटचेही काम बिघडते आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून तापाचे कारण कळेपर्यंत तापावर फक्त पॅरासिटामॉल घ्यावे. लहान मुलांना तापात ॲस्पिरिन कधीही देऊ नये. त्यातून मेंदू आणि यकृताला इजा करणारा एक दुर्मिळ पण गंभीर आजार होऊ शकतो. 12 वर्षांखालील मुलांना निमेसुलाइड देण्यावर 2011पासून आपल्या देशात बंदी आहे.

भगिनींसाठी

पाळीच्या वेळी पोटात कळा येतात तेव्हा "बाईच्या जातीला सहन करावंच लागतं" असे सांगितले जाते. त्या मुलीला हे जरूर सांगा की तिचे दुखणे हे नाटक नाही आणि कमकुवतपणाही नाही. गर्भाशयाचे अस्तर गळते तेव्हा त्यातून प्रोस्टाग्लँडिन सुटते, गर्भाशय आवळले जाते, त्याचा रक्तपुरवठा घटतो आणि कळ येते. काहींना त्याच दिवसांत पातळ संडास होते, त्याचे कारणही हेच. मेफेनॅमिक ॲसिडसारखी गोळी हा निरोप थांबवते. दुखणे अगदी असह्य होईपर्यंत थांबण्यापेक्षा सुरुवातीला घेतलेली गोळी जास्त उपयोगी पडते. एक-दोन दिवस, जेवणानंतर, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत ती घ्यायला हरकत नाही. गरम पाण्याच्या पिशवीनेही आराम पडतो. पण दर महिन्याला दुखणे वाढतच असेल किंवा रक्त फार जात असेल, तर तपासणी करून घ्यावी.

गरोदरपणात मात्र ही औषधे टाळावीत. पोटातल्या बाळाच्या हृदयाजवळ एक खास रक्तवाहिनी असते. फुप्फुसांचे काम अजून सुरू झालेले नसल्याने रक्त तिच्यातून वळते. ती वाहिनी उघडी ठेवण्याचे काम प्रोस्टाग्लँडिन करते. जन्मानंतर ती बंद होते. शेवटच्या महिन्यांत आईने पेनकिलर घेतली तर ती वेळेआधीच बंद होऊ शकते. पाचव्या महिन्यानंतर या औषधांनी बाळाभोवतीचे पाणीही कमी होऊ शकते. डॉक्टरांनी स्वतः लहान मात्रेचे ॲस्पिरिन दिले असेल तर ती गोष्ट वेगळी. ते त्यांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

बाळंतपणाच्या कळांमागेही हाच निरोप असतो. म्हणून दवाखान्यात कळा सुरू करायला प्रोस्टाग्लँडिनची जेल वापरतात आणि बाळंतपणानंतरचे रक्त थांबवायला मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या देतात. या गोळ्या जीव वाचवतात, पण दुकानातून आणून मनाने घेतल्या तर जिवावरही बेततात.

दमा आणि बिननावाच्या पुड्या

त्याच मेदाम्लाला दुसरीही एक वाट आहे. त्या वाटेने ल्युकोट्राइन नावाचे पदार्थ बनतात. ते श्वासनलिका आवळतात आणि कफ वाढवतात. काही दमेकऱ्यांनी पेनकिलर घेतली की कॉक्सची वाट बंद होते, ल्युकोट्राइनचे प्रमाण वाढते आणि दम लागतो. घरात कुणाला दमा असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगावे. मॉन्टेलुकास्ट ही गोळी दम्यात देतात ती ल्युकोट्राइनचा हा निरोप अडवण्यासाठीच.

स्टेरॉइड ही औषधे याहून वरची पायरी अडवतात. ती मेदाम्ल आवरणातून सुटूच देत नाहीत, म्हणून त्यांचा गुण चटकन दिसतो. गंभीर आजारात ती जीव वाचवतात. पण सांधेदुखीवर मिळणाऱ्या, नाव नसलेल्या पुड्यांमध्ये कधी कधी हेच स्टेरॉइड मिसळलेले असते. महिनोन्‌महिने ते घेतल्याने चेहरा सुजतो, साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात. अशी पुडी बरेच दिवस चालू असेल तर ती एकदम बंद करू नका. पुडी घेऊन सरकारी दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना दाखवा.

खाण्यातून काय साधते?

शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, सोयाबीन यांच्या तेलातून शरीराला ॲराकिडॉनिक ॲसिड बनवण्याचा कच्चा माल मिळतो. तो शरीराला लागतोच, म्हणून तेल बंद करू नये, बेताने वापरावे. दुसऱ्या प्रकारचे मेदाम्ल, ज्याला ओमेगा-3 म्हणतात, ते बांगडा, तारली यांसारख्या मासळीत आणि जवसात असते. त्यापासून बनणारे निरोप सहसा सौम्य असतात. विदर्भ-मराठवाड्यातली आपली जवसाची चटणी म्हणूनच चांगली. जवस भाजून कुटून खावे, अख्खे खाल्ले तर पचत नाही. जवसातल्या ओमेगा-3चा थोडाच भाग शरीर मासळीतल्या प्रकारात बदलू शकते, म्हणून जमेल तेव्हा मासळी खावी. महागड्या कॅप्सूल घेण्याची गरज नाही.

मग दुखले तर काय करावे?

1. गोळीचा रंग सांगू नका, नाव विचारा. पाकिटाच्या मागे औषधाचे मूळ नाव असते, ते शाळेत जाणाऱ्या मुलीला-मुलाला वाचायला लावा.

2. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, निमेसुलाइड, मेफेनॅमिक ॲसिड ही सगळी एकाच घराण्यातली आहेत. यातली दोन एकत्र घेऊ नका. वेगळ्या नावाच्या दोन पाकिटांत एकच औषध असू शकते.

3. साध्या तापाला आणि अंगदुखीला आधी पॅरासिटामॉल. त्याने जठराला फारसा धोका नाही. पण मोठ्या माणसानेही 24 तासांत 500 मिलिग्रॅमच्या 8 गोळ्यांच्या वर जाऊ नये. दारू पिणाऱ्याने आणि यकृताचा आजार असणाऱ्याने तर डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

4. पेनकिलर लागलीच तर कमीत कमी मात्रा, कमीत कमी दिवस, पोटात अन्न आणि भरपूर पाणी.

5. तीन-चार दिवसांत दुखणे थांबले नाही तर गोळी वाढवू नका, तपासून घ्या. रोज गोळी घेण्याची वेळ आली असेल तर डॉक्टरांकडून जठराच्या रक्षणाची गोळी आणि किडनीची तपासणी मागून घ्या.

मावशींच्या गुडघ्याचे दुखणे खरे आहे. काम सोडून घरी बसा, असे त्यांना सांगणे सोपे आहे, पण ते आम्ही सांगणार नाही, कारण त्यांच्या पगारावर घर चालते. मात्र उकिडवे न बसता पाटावर किंवा स्टुलावर बसून भांडी घासणे, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, रात्री गरम शेक आणि सरकारी दवाखान्यात एकदा गुडघ्याची नीट तपासणी, एवढे तर जमण्यासारखे आहे. त्याने रोजची गोळी आठवड्यातून एकदोनदा लागण्यापर्यंत आली, तरी जठर आणि किडनी यांच्यावरचे मोठे संकट टळेल.

हा लेख वाचून झाला की घरातली ती पिशवी खाली काढा. एकेक पाकीट पाहा, नावे वाचा, मुदत संपलेली बाजूला करा. आणि घरात ज्यांना वाचता येत नाही त्यांना हे पान मोठ्याने वाचून दाखवा.